‘शेवटची खरी मर्सिडीज’ आणि दोन पिळलेल्या तारा

यूट्यूबवर जुन्या जर्मन गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्यांची एक जमात आहे आणि तिचा एक ठरलेला विधी आहे. कॅमेरा एका चौकोनी, काळ्या, रणगाड्यासारख्या मर्सिडीजजवळ जातो. सादरकर्ता काहीही न बोलता दार उघडतो आणि लावतो. ठप्प. मग आणखी एकदा, खास हेडफोनवाल्यांसाठी. त्यानंतर ते वाक्य येतं : ही शेवटची खरी मर्सिडीज. इंजिनिअरांनी बनवलेली. यानंतर कंपनी हिशेबनीसांच्या हातात गेली.

ती गाडी म्हणजे १९९१ ते १९९८ या काळातली एस-क्लास. कारखान्यातलं सांकेतिक नाव डब्ल्यू १४०. तिच्यावर लिहिलेलं-बोललेलं जे काही गेल्या काही वर्षांत मी वाचलं आणि पाहिलं, त्यातलं बहुतेक या एका वाक्याचा विस्तार आहे. मी गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे वाक्य मला कानाला फार गोड लागतं. खर्च विचारू नका, तारीख विचारू नका, इंजिनिअरला मोकळं सोडा, तो परिपूर्ण वस्तू बनवून दाखवेल. हे ऐकायला कुठल्या इंजिनिअरला आवडणार नाही? आणि म्हणूनच या दंतकथेकडे जरा संशयाने बघायला हवं. माझं म्हणणं असं आहे की ही गाडी लोकांनी उलटी वाचली आहे. ती कशाची तरी शेवटची म्हणून फारशी महत्त्वाची नाही. ती कशाची तरी पहिली आहे, आणि जे पहिलं आहे ते व्हिडिओत दिसत नाही.

‘अजून’ची गोष्ट

आधी थोडा इतिहास. १९७९ साली आलेली एस-क्लास, डब्ल्यू १२६, ही जगभरच्या मंत्र्यांची, बँकरांची आणि हुकूमशहांची लाडकी गाडी होती. तिच्या वारसदारावर १९८०च्या दशकातच काम सुरू झालं. डिझाइन विभागाचे प्रमुख होते ब्रुनो साक्को, आणि बाह्यरूपाचं श्रेय मुख्यतः ऑलिव्हिए बुले या फ्रेंच डिझायनरला दिलं जातं. सगळं रांगेत चाललं होतं, तेवढ्यात दोन धक्के बसले.

पहिला घरातूनच. १९८७ साली बीएमडब्ल्यूने ७-सीरिजमध्ये बारा सिलिंडरचं इंजिन बसवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन मोटारीत आलेलं हे पहिलं व्ही-१२, आणि ते मर्सिडीजचं नव्हतं. दुसरा धक्का बाहेरून. जानेवारी १९८९मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात टोयोटाने लेक्सस एलएस ४०० उभी केली. अमेरिकेत किंमत सुरू होत होती ३५ हजार डॉलरपासून. जाहिरातीत तिच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला होता; गाडीची चाकं रोलरवर जोरात फिरत होती आणि एकही ग्लास हलत नव्हता. ज्या शांततेसाठी लोक मर्सिडीजला दुप्पट पैसे मोजत होते, ती शांतता जपान्यांनी अर्ध्या किमतीत मांडून ठेवली.

यावर मर्सिडीजचं उत्तर एका शब्दात सांगता येतं : अजून. अजून सिलिंडर, अजून शांतता, अजून जाडी. गाडी लांबणीवर पडली, खर्च वाढत गेला, आणि शेवटी मार्च १९९१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. सगळ्यात वरच्या ६०० एसईएलमध्ये सहा लिटरचं, ४०८ अश्वशक्तीचं व्ही-१२ इंजिन. लांबी ५.२ मीटरच्या वर. वजन दोन टनांहून जास्त. बाजूच्या खिडक्यांना एक नव्हे, दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी. म्हणजे युरोपातल्या थंड प्रदेशात घरांना असतात तशा खिडक्या गाडीला.

आता हे सगळं ऐकताना छान वाटतं. पण वैशिष्ट्यांची ती यादी एकदा समीक्षकाच्या नजरेने वाचा. दार जाडजूड आणि घट्ट बसणारं, म्हणून ते शेवटचे काही मिलिमीटर हवेच्या पंपाने स्वतःहून ओढून घेण्याची सोय. गाडी रुंद, म्हणून बटणावर मिटणारे आरसे. मागचा भाग इतका उंच की चालकाला गाडी कुठे संपते ते दिसत नाही, म्हणून रिव्हर्स टाकला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून वर येणाऱ्या दोन दांड्या. (१९९५मध्ये त्यांच्या जागी सेन्सर आले.) म्हणजे यातली बरीचशी सोय ही आधीच्या सोयीने निर्माण केलेल्या अडचणीवरचा उतारा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज पाहतो. एक फीचर टाकलं, त्याने काहीतरी बिघडलं, मग ते झाकायला दुसरं फीचर. अशा कोडला कोणी ‘शेवटचं खरं कोड’ म्हणत नाही. पण तोच प्रकार चामडं, लाकूड आणि पोलादात केला की त्याला ‘ओव्हर-इंजिनिअर्ड’ म्हणतात, आणि तेही कौतुकाने.

जर्मनीत तेव्हा हे कौतुक नव्हतं. देशाचं एकीकरण होऊन जेमतेम काही महिने झाले होते, पूर्वेच्या उभारणीसाठी नवा कर येत होता, पर्यावरणाची चर्चा तापली होती, आणि अशात ही गाडी आली. गाडीच्या रुंदीवरून लगेच विनोद सुरू झाले. उत्तरेला झुल्ट नावाचं बेट आहे, जर्मन श्रीमंतांचं सुट्टीचं ठिकाण. तिथे मोटार न्यायची तर ती रेल्वेच्या वाघिणीवर चढवावी लागते. नवी एस-क्लास त्या वाघिणीसाठी जास्तच रुंद निघाली. ज्यांच्यासाठी बनवली त्यांनाच ती सुट्टीला नेता येईना! त्याहून बोचरी गोष्ट वजनाची. चार धट्टेकट्टे प्रवासी आणि त्यांचं सामान भरलं तर गाडी स्वतःचीच अधिकृत वजनमर्यादा ओलांडू शकते, हे मोटार-पत्रकारांनी आकडे मांडून दाखवलं. आराम देण्यासाठी इतकं काही भरलं की माणसांसाठी जागा, म्हणजे वजनात जागा, उरली नाही.

दंतकथेत ही गाडी अपयशी हुतात्माही असते : जगाला तिची किंमत कळली नाही वगैरे. इथे साधा भागाकार करावा. आधीची डब्ल्यू १२६ सेदान आठ लाखांहून जास्त बनली, ही चार लाखांच्या थोडी वर. अर्धी. पण पहिली बारा वर्षं चालली आणि दुसरी सातेक. वर्षाला सरासरी काढली तर पासष्ट-सत्तर हजार विरुद्ध पंचावन्न हजारांच्या आसपास. म्हणजे घट आहे, शोकांतिका नाही.

आणि गिऱ्हाईक मिळालंच, फक्त पत्ता बदलला. सोविएत संघ कोसळल्यावर रशियात रातोरात पैसेवाल्यांचा जो वर्ग तयार झाला, त्याची ही गाडी बनली. तिथे तिला नुसतं ‘सहाशेवाली’ म्हणत. जांभळट लाल ब्लेझर, गळ्यात सोन्याची साखळी, बुडाखाली सहाशेवाली मर्सिडीज, आणि मागून येऊन धडकणारी एखाद्या गरीब म्हाताऱ्याची खटारा झापोरोझेत्स. या पात्रांवर नव्वदच्या दशकात रशियन विनोदांची एक अख्खी शाखा उभी राहिली. जर्मन इंजिनिअरांनी ज्याला परिपूर्णता म्हटलं, ते मॉस्कोच्या रस्त्यावर धाकाचं भाषांतर होऊन पोचलं. वस्तू बनवणाऱ्याला तिचा अर्थ ठरवता येत नाही, याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं सापडत नाही. आणि ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या बोगद्यात डायनाचा ज्या गाडीत अपघात झाला ती याच पिढीतली एस २८०. त्या रात्रीनंतर गाडीचं नाव माहीत नसलेल्या लोकांनीही तिचा चेंदामेंदा झालेला पुढचा भाग टीव्हीवर पाहिला.

दोन तारा

आता त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

व्ही-१२ इंजिन म्हणजे ढोबळमानाने एकाच क्रँकशाफ्टला जोडलेली दोन सहा-सिलिंडर इंजिनं. या गाडीत दोन्ही बाजूंना इंधन सोडणारे दोन वेगळे कॉम्प्युटर होते. शिवाय ठिणगीचा वेगळा, थ्रॉटलचा वेगळा, चाकं घसरू नयेत म्हणून वेगळा. हे सगळे एका सेकंदात अनेकदा एकमेकांशी बोलले नाहीत तर इंजिनाचे दोन अर्धे दोन दिशांना ओढतील. जुन्या पद्धतीने प्रत्येक माहितीसाठी प्रत्येक दोघांमध्ये स्वतंत्र वायर टाकायची, तर तांब्याचं जंगल झालं असतं.

उपाय बॉश कंपनीत तयार होता. तिथे १९८३ पासून काम चाललं होतं आणि फेब्रुवारी १९८६मध्ये उवे कीन्के, झीगफ्रीड डाइस आणि मार्टिन लिट्शेल यांनी डेट्रॉइटच्या एका तांत्रिक परिषदेत तो मांडला. नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजे कॅन. उत्पादनातल्या ज्या पहिल्यावहिल्या गाड्यांत कॅन आलं, त्यांत ही एस-क्लास आहे.

कॅन समजायला सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. दोन पिळलेल्या तारा म्हणजे तो ग्रुप. गाडीतला प्रत्येक कॉम्प्युटर त्यात मेंबर. संदेश कोणा एकाला पाठवायचा नसतो, ग्रुपवर टाकायचा. ज्याला उपयोग असेल तो वाचेल, बाकीचे सोडून देतील. संदेशावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं, विषयाचा नंबर असतो. आणि दोघे एकदम बोलले तर? इथे खरी गंमत आहे. ज्याचा नंबर लहान तो जिंकतो. हरणारा तिथल्या तिथे गप्प होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. जिंकणाऱ्याला आपल्यासोबत कोणी बोलत होतं याचा पत्ताही लागत नाही, त्याचं एक अक्षरही वाया जात नाही. ब्रेकशी संबंधित संदेशाला लहान नंबर द्या, एसीच्या संदेशाला मोठा. कोणी अध्यक्ष नाही, घंटा वाजवणारा नाही, तरी महत्त्वाचं काम कधीच खोळंबत नाही. आमच्या मीटिंगांना हा नियम लावता आला असता तर!

याला मी या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणतो. आणि गंमत बघा, ती गाडीच्या उरलेल्या स्वभावाच्या नेमकी विरुद्ध आहे. बाकी सगळीकडे उत्तर ‘अजून’ असं आहे, इथे ‘कमी’ आहे. एका बाजूला दुहेरी काचा, दुसऱ्या बाजूला शेकडो वायरींचं काम दोन तारांवर. त्या काचांच्या पोकळीत पुढे ओल शिरून धुकं धरायचं, आणि दुहेरी काच मोटारींत सरसकट कधी आलीच नाही. कॅन मात्र आज जवळपास प्रत्येक मोटारीत आहे. तुमच्या घरच्या हॅचबॅकच्या स्टिअरिंगखाली गॅरेजवाला जिथे स्कॅनर लावतो, तिथून तो याच ग्रुपवर डोकावत असतो.

मग त्याच गाडीवर पुढची मजल चढली. १९९५मध्ये तिच्या दोन-दारी भावंडात, एस ६०० कूपेमध्ये, बॉशसोबत केलेली ईएसपी प्रणाली आली. कल्पना एका वाक्याची आहे : चालकाने स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, यात फरक पडला तर योग्य त्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरायची. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९७मध्ये, स्वीडनच्या एका मोटार-मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास चक्क उलटली. नामुष्की जगभर गाजली आणि कंपनीला आपल्या सगळ्यात स्वस्त गाडीत हीच ईएसपी प्रमाणित सोय म्हणून द्यावी लागली. कोट्यधीशांच्या कूपेतली गोष्ट तीन वर्षांच्या आत मध्यमवर्गीय गाडीत पोचली. युरोपीय संघात ती २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची आहे. ‘ठप्प’ आवाजाने कोणाचा जीव वाचल्याचं ऐकिवात नाही. घसरलेली गाडी सावरणाऱ्या या कोडने नक्की वाचले आहेत.

आणखी एक प्रसंग दंतकथेत कधीच येत नाही, त्याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. म्युनिकच्या लष्करी विद्यापीठातले प्राध्यापक एर्न्स्ट डिकमन्स यांनी याच पिढीतल्या ५०० एसईएलमध्ये कॅमेरे आणि कॉम्प्युटर बसवले. १९९५मध्ये ती गाडी म्युनिकहून डेन्मार्कच्या दिशेने निघाली. १,६०० किलोमीटरहून मोठ्या त्या प्रवासातलं सुमारे ९५ टक्के अंतर तिने स्वतः कापलं. जर्मन महामार्गावर वेग ताशी १७५ किलोमीटरपर्यंत. माणसाने हात न लावता सलग सर्वांत लांब अंतर १५८ किलोमीटर. जीपीएस नाही, रडार नाही, फक्त व्हिडिओ कॅमेरे आणि गणित. आज टेस्लाच्या एका अपडेटवर आपण दिवसभर रील्स बघतो. हे घडलं तेव्हा भारतात मोबाइल फोन नुकताच अवतरत होता.

एवढं सगळं एका गाडीत घडलं, आणि तिची कीर्ती उरली ती दाराच्या आवाजाची.

तारेची किंमत

पण मी माझ्याच जमातीची आरती ओवाळून थांबलो तर तीही दंतकथाच होईल. तारेने काहीतरी हिरावूनही घेतलं.

‘खऱ्या मर्सिडीज’ची कीर्ती मुळात उभी राहिली ती १९७६च्या डब्ल्यू १२३सारख्या गाड्यांवर. तिच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. मोरोक्कोत तिच्या डिझेल आवृत्त्या अगदी अलीकडेपर्यंत शहराशहरांमधल्या शेअर टॅक्सी म्हणून धावत होत्या, सहा-सहा प्रवासी कोंबून. ती टिकली, कारण ती साधी होती आणि गावातल्या मेकॅनिकला कळत होती. डब्ल्यू १४० तिच्याहून कितीतरी महाग सामानाने बनलेली, पण तिचा मोरोक्कोत असा दुसरा जन्म झाला नाही. त्या काळातल्या इंजिनाच्या वायरिंगचं आवरण तापून ठिसूळ होतं आणि गळून पडतं, हे या गाड्यांवर काम करणाऱ्या कोणाही मेकॅनिकला तोंडपाठ आहे. म्हणजे सगळ्यात जाड गाडीचं मरण सगळ्यात पातळ थरात लपलेलं होतं. दंतकथा या दोन गाड्यांना एकाच माळेत ओवते. माझ्या मते माळ याच गाडीपाशी तुटली. लोखंड म्हातारं होताना कुरकुरतं, गंजतं, सूचना देतं. कॉम्प्युटर काल चालू असतो आणि आज नसतो. हिशेबनीस नंतर आले असतील, पण मेकॅनिकच्या हातून पाना काढून घेण्याचं काम इंजिनिअरांनीच, आणि याच गाडीत, सुरू केलं होतं.

शिवाय त्या ग्रुपमध्ये पाठवणाऱ्याची ओळख तपासली जात नाही, हे लक्षात आहे ना? १९८६मध्ये त्याची गरजच नव्हती; गाडीच्या आत परका येणार कुठून? २०१५मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीपमध्ये इंटरनेटवरून शिरून थेट या तारांवर संदेश टाकून दाखवले आणि कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पुण्यात बसून गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्यासारख्या हजारोंच्या कामाचा एक भाग त्या एका मोकळ्या दाराला कुलूप लावण्याचा आहे. १९९५मध्ये पिंपरीत मर्सिडीजची जुळणी सुरू झाली तेव्हा पुण्याशी नातं नट-बोल्टचं होतं. आज शहरात गाड्यांच्या नट-बोल्टइतकंच त्यांच्या कोडचंही काम चालतं, आणि त्यातले कितीतरी संदेश अजून त्याच दोन तारांवरून जातात.

म्हणून मला ‘इंजिनिअर विरुद्ध हिशेबनीस’ ही मांडणी खोटी वाटते. डब्ल्यू १४०मध्ये जिथे कोणी खर्च विचारला नाही, तिथे दांड्या, पंप आणि दुहेरी काचा आल्या. जिथे वजन, जागा आणि तांबं यांची अडचण खरोखर समोर उभी राहिली, तिथे कॅन कामाला आलं. मर्यादा ही चांगल्या कामाची शत्रू असते, हा आमच्या व्यवसायाचा लाडका समज ही गाडीच खोडून काढते.

जर्मनीत तीस वर्षं जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या मोटारीला ‘एच’ अक्षराची खास नंबरप्लेट मिळते. कायद्याच्या भाषेत ती सांस्कृतिक वारसा ठरते. सुरुवातीच्या डब्ल्यू १४० गाड्या २०२१ पासून त्या वयात आल्या. आता संग्राहक मूळ चामडं शोधतात, मूळ रंग शोधतात, दाराचं रबर बदलून तो आवाज परत मिळवतात. मूळपणाच्या या यादीत डॅशबोर्डमागच्या डब्यातल्या चिपवरचा प्रोग्राम क्वचितच असतो. साक्को आणि बुले ही नावं चाहत्यांना पाठ असतात. कीन्के, डाइस आणि लिट्शेल यांची नावं सांगणारा एकही व्हिडिओ माझ्या पाहण्यात नाही. पुढच्या वेळी कोणी हेडफोनवाल्यांसाठी ते दार लावून दाखवेल, तेव्हा आवाज विरल्यानंतरचे दोन सेकंद नीट ऐका. काहीच ऐकू येणार नाही. तरी किल्ली फिरली की तिथे कोणीतरी बोलत असतं, आणि कोणीतरी आपणहून गप्प बसून दुसऱ्याला वाट देत असतं.